वाटूर ते जालना, विनाथांबा

३ जानेवारी १९९७, शुक्रवार

नव्या वर्षाची डायरी दोन दिवस उशिरा सुरू. दोष माझा नाही, बियाणेवाल्याने ती आज दिली. प्रत्येक पानाच्या तळाला शेतकऱ्यांसाठी एक सल्ला छापलाय. आजचा: तुरीवरील अळीकडे दुर्लक्ष करू नये. मला तूर नाही.

संकल्प: रोज लिहायचं आणि खरं लिहायचं. ही वही कुणी वाचणार नाही, मग स्वतःशी खोटं बोलून फायदा काय?

बेबीनंदा काल आली. आमची एकुलती एक लेक. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. जावई मच्छिंद्रराव धावड्याहून एस.टी.ने सोडून गेले. विहीणबाईंचा निरोप आहे की बाळंतपणानंतर सव्वा महिना ठेवून घ्या आणि मायलेकरांना सुखरूप धाडा. 'सुखरूप' हा शब्द मला जरा लागला.

दुपारी सिस्टर पुष्पाबाई तपासून गेल्या. बाळ पायाळू आहे म्हणतात, डोकं वर आणि पाय खाली. गावात काही करायचं नाही, पहिली कळ आली की तडक जालन्याला न्यायचं, रस्त्यात वेळ घालवायचा नाही, असं त्यांनी तीनदा बजावलं. दुर्गाबाईचा (आमची मंडळी) चेहरा पांढरा पडला. मी म्हणालो, दारात घरची गाडी उभी आहे, काळजी कशाला? पुष्पाबाईंनी गाडीकडे बराच वेळ बघितलं आणि चहा अर्धा टाकून गेल्या.

५ जानेवारी, रविवार

गाडीत एक आवाज आढळला. उभी गाडी निघताना, क्लच सोडला की मागून खालच्या अंगाला 'टक्'. एकदाच. गाडी चालू लागली की गप्प. किरकोळ बाब.

बत्तीस वर्षं मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. रोज शंभरेक गाड्या माझ्या खिडकीसमोरून सुटायच्या. सुटताना गाडी काय बोलते ते मला कुणी शिकवायला नको. स्वतः गाडी चालवायला एकोणसाठाव्या वर्षी शिकलो, पण कान जुना आहे.

डायग्नोसिस: डिकीतला जॅक. काढून कोठीत ठेवला. प्रश्न मिटला.

६ जानेवारी, सोमवार

प्रश्न मिटला नाही. बहुतेक स्टेपनी. तीही काढली. गाडी आता हलकी झाली, पिकअप वाढेल.

९ जानेवारी, गुरुवार. अमावस्या

सकाळी दुर्गाबाई अंगणात सडा टाकत होती. एकदम किंचाळली. गाडीच्या पोटाखाली, मधोमध, शेणाच्या ओल्या सड्यावर चिमूटभर तांबडी पूड पडलेली. तिचं म्हणणं, ही करणी आहे. अमावस्या, घरात दिवस भरत आलेली पोर, आणि गाडीखाली कुंकू. कुणाच्या तरी डोळ्यात आपली गाडी खुपून राह्यली, असं म्हणून तिने लिंबू उतरवून टाकलं.

मी विज्ञान मानणारा माणूस. तिला तिथल्या तिथे समजावलं की असलं काही नसतं. स्वतःच्या हाताने खराटा घेऊन पूड झाडली, वर पाणी ओतलं. ती हातात घेऊन बघावी असं क्षणभर वाटलं होतं. घेतली नाही. उगाच कशाला.

गाडी काढली तेव्हा आवाज 'टक्' नव्हता. 'टण्' होता.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

पूड पुन्हा. तिसऱ्यांदा. पण आज उलगडा केला. सणाचे दिवस, घरोघर हळदीकुंकू, बायका करंडे घेऊन अंगणातून जा-ये करतात. सांडणारच. दुर्गाबाई म्हणाली, बाया काय तुमच्या गाडीखालून सरपटत गेल्त्या का? स्त्रियांचा तर्क.

बेबीनंदा खिडकीतून बघत होती. तिला विचारलं, आवाज तुला जास्त वाटतो का? म्हणाली, दादा, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणालो, कमीच आहे. मंग कमीच असंल, म्हणाली. समजूतदार पोर आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

फाट्यावर सिराजोद्दीन मिस्त्रीच्या गॅरेजसमोर सहज थांबलो. दाखवायचं म्हणून नव्हे, चहासाठी. निघालो तर तो आतूनच ओरडला, साहेब, क्रॉस गेला! उठलासुद्धा नाही, हातातली बशी खाली ठेवली नाही.

त्याचं म्हणणं असं. इंजिनातली ताकद मागच्या चाकांना एक लांब शाफ्ट नेतो. शाफ्टाच्या दोन्ही टोकांना अधिकाच्या खुणेसारखा एक सांधा असतो, त्याला क्रॉस म्हणतात. त्यातलं ग्रीस सुकलं की सांधा स्वतःलाच खातो. निघताना झटका बसतो तेव्हा वाजतो. आज वाजून राह्यला, उद्या तुटंल, शाफ्ट रस्त्यावर पडंल. जालन्याहून सामान मंगवतो, आधा दिवस द्या, बिलकुल नवी करून देतो.

गाडीखाली डोकं न घालता निदान! तरी मी शांत होतो. पण पुढे त्याने जे विचारलं त्याने मी थक्क झालो. आवाज बारीक करून म्हणाला, साहेब, गाडीच्या खाली लाल भुकटी पडती का?

म्हणजे हाही त्यातलाच! चाळीस वर्षं लोखंडात हात घालणारा मिस्त्री, आणि करणीच्या गोष्टी. दुर्गाबाईने गावभर केलेलं दिसतंय. मी म्हणालो, मिस्त्री, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तो काहीतरी समजावायला मागे धावला. मी गाडी काढली. 'टण्ण' झालं, ते त्याच्याच समोर झालं याचं वाईट वाटलं.

२० जानेवारी, सोमवार

स्वतंत्र डायग्नोसिस: मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कोरडे पडलेत. दोन्ही पाट्यांवर डिझेल शिंपडलं. आवाज आज पुष्कळ कमी. मला सर्दी आहे.

२२ जानेवारी, बुधवार

सर्दी गेली. आवाज आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

भुजंग दारात आला. हा जालन्याच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवतो. चौदा माणसं कोंबून नेतो, दोघं मागे लटकलेले. नोकरीत असताना मी त्याला स्टँडच्या आवारातून किती वेळा हाकलला असेल, गणती नाही. एकदा पोलिसही बोलावले होते.

तर हा माणूस टोपी काढून दुर्गाबाईला म्हणतो, काकू, ताईला न्यायची वेळ आली तर कवाबी हाक मारा, जीप रिकामी ठेवतो, पैशे न्हाई पायजे. मी आतून बाहेर आलो आणि म्हणालो, आभारी आहे, आमची सोय आमच्या दारात उभी आहे. तो गाडीकडे बघून नुसता हो म्हणाला.

मी करणी मानत नाही. परंतु नोंद म्हणून लिहितो: या गावात माझ्या गाडीचं वाईट व्हावं असं वाटणारा माणूस असलाच तर तो कोण? आणि आजही गाडीखाली पूड आहे. नेहमीपेक्षा जास्त.

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडावंदन. माजी अधिकारी म्हणून मला पुढची खुर्ची. बेबीनंदालाही नेलं, तेवढाच तिला विरंगुळा. राष्ट्रगीत संपलं, सगळे स्तब्ध, आणि मी गाडी काढली. असा आवाज झाला की झाडावरचे बगळे उठले. पोरांना वाटलं सलामीची तोफ, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात वर करून त्या स्वीकारल्या.

मागच्या सीटवर बेबीनंदाने दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. घरी येईपर्यंत सोडलं नाही. दुर्गाबाई म्हणाली, हाड मोडल्यावानी वाजतंय हो. असं बोलू नये, गरोदर बाईच्या मनावर परिणाम होतो, हे तिला सांगितलं.

२८ जानेवारी, मंगळवार. सकाळी ६.३०

सापडलं!

रात्री अचानक डोक्यात प्रकाश पडला. आवाज कधी येतो? उभी गाडी निघताना. चालत्या गाडीला येतो का? नाही. म्हणजे दोष निघण्यात आहे. आणि निघावं कधी लागतं? थांबलं तर! थांबायचंच नाही. इतकं सोपं. महामंडळाची विनाथांबा सेवा याच तत्त्वावर चालते.

वाटूर ते जालना, पन्नासच्या आत किलोमीटर. घरापुढे उतार आहे, म्हणजे सुटताना गाडी आपली आपण घरंगळेल, झटका नाही. पुढे सरळ दवाखान्याच्या पायरीपर्यंत. मिस्त्री लोकांना हे सुचत नाही कारण त्यांना सुटे भाग विकायचे असतात.

त्याच दिवशी, सायंकाळी ४

चाचणी घेतली. गावातून पाच फेऱ्या, एकही थांबा नाही. अडचण एकच, चालत्या गाडीतून दुर्गाबाईला उतरता येईना. चौथ्या फेरीत वेग अगदी कमी केला तेव्हा उतरली. गुडघा खरचटला. बोलत नाहीये. चाचणी यशस्वी.

३१ जानेवारी, शुक्रवार

सिराजोद्दीन घरी आला. कागदात गुंडाळलेला नवा क्रॉस घेऊन. मी न सांगता त्याने स्वतः जालन्याला जाऊन आणला. म्हणाला, पैशाचं बाद में बघू, आधा दिवस गाडी द्या, पोरीची जान का सवाल है.

मला त्याच्या मनाचा चांगुलपणा कळतो. पण व्यवस्थापनही कळतं. ऐन दिवसांत गाडी अर्धा दिवस खोलून ठेवायची आणि नेमक्या त्याच वेळी कळा आल्या तर? हे त्याला विचारलं. मंग सकाळी सात वाजता देतो म्हणाला, आणि भुजंगची जीप दारात उभी करून देतो तवरोक. भुजंगचं नाव निघालं तिथे विषय संपला. बाळंतपण झाल्यावर बघू, असं ठरलं. मी ठरवलं.

तो पुडा ओट्यावर ठेवून गेला. दुर्गाबाईने उचलला आणि देव्हाऱ्यात ठेवला. तेव्हापासून ती आरतीच्या वेळी राजूरच्या गणपतीच्या तसबिरीला आणि त्या पुड्याला, दोघांना उदबत्ती ओवाळते. शिकवून माणूस शिकत नाही.

आज गाडी काढली नाही. तिला विश्रांती.

२ फेब्रुवारी, रविवार

कालपासून बाहेर कुठे गेलो नाही. अंगणात गाडी शेजारी खुर्ची टाकून बसतो. दिवसभर घरात सगळे हळू बोलतात. मी आत गेलो की गप्प होतात. बेबीनंदाने विचारलं, दादा, तुम्हाला भ्या वाटतं का? मी म्हणालो, छे. एवढ्या मोठ्या बाईने बापाला असं विचारू नये.

गाडी दोनदा धुतली.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ५.५५

कळा सुरू. गाडी तयार. सुटण्याची वेळ ६.०५. डायरी खिशात घेतोय, प्रवासाची नोंद राहावी.

दुपारी १.३०. दवाखान्याचा व्हरांडा

क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं की बरं वाटतं.

६.०५ ला सुटलो. उशीर शून्य. मागे बेबीनंदा आणि दुर्गाबाई. उतारावरून गाडी घरंगळली, एक आवाज नाही. मी मागे वळून म्हणालोसुद्धा, बघितलं? बेबीनंदा दात आवळून हसली.

फाटा ओलांडल्यावर आरशात दिवे दिसले. जीप. भुजंग. तो माझा पाठलाग करत होता. मी वेग वाढवला की तोही वाढवायचा. दिवे चालूबंद करत होता, हॉर्न देत होता. मला वाटलं, माझी फजिती बघायला आलाय. नाहीतर खाली बघायला आलाय, त्याची पूड लागू झाली का ते. दुर्गाबाई मागून सारखी म्हणत होती, हळू चालवा, त्याला येऊ द्या. मी ऐकलं नाही.

रामनगरच्या अलीकडे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. कारखान्याच्या गाड्या, अर्धा रस्ता अडवून. तिथे थांबावं लागलं असतं. डावीकडे शेतातून कच्चा रस्ता दिसला. मी घेतला. धुळीत मागचं काही दिसेना, आणि भुजंग गाड्यांच्या रांगेतून पुढे सरळ निघून गेला. मी म्हणालो, चुकवलं बघ त्याला! दुर्गाबाईने कपाळावर हात मारला.

एक किलोमीटर गेलो असेन. ओढ्यापाशी एक बैल रस्त्यात बसलेला. नुसता बसलेला. थांबलो. गाडीवान त्याची शेपटी पिरगाळत होता. अर्धा मिनिट गेला असेल. बैल उठला. मी क्लच सोडला.

त्या आवाजाबद्दल लिहिता येत नाही. इंजिन चालू होतं, पाय ॲक्सिलरेटरवर होता, आणि गाडी जागची हलत नव्हती. उतरून वाकून बघितलं. शाफ्टाचं एक टोक मातीत रुतलं होतं.

तेव्हा दुर्गाबाईने सांगितलं. भुजंगला तिनेच सांगून ठेवलं होतं. आठ दिवस तो भाडं न घेता फाट्यावर जीप लावून नजर ठेवत होता. आमच्या मागं मागं राहा, गाडी बंद पडली की पोरीला उचल, असं ठरलेलं. बेबीनंदालाही माहीत होतं. मी म्हणालो, मला का नाही सांगितलं? दुर्गाबाई म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही त्याला मागं येऊ दिलं असतं का?

मग आम्ही वाट बघितली. चाळीस मिनिटं. घड्याळ माझ्या हातात होतं, मी चाळीसही मिनिटं बघितली. गाडीवान रस्त्याकडे पळत गेला. बेबीनंदा मागच्या सीटवर दाराची मूठ धरून होती. ओरडली नाही. मी तिला म्हणालो, बस आता पाचच मिनिटं. हे मी आठ वेळा म्हणालो.

भुजंग पार जालन्याच्या जवळ पोचला, गाडी पुढे दिसेना म्हणून उलटा फिरला. त्याने तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. मी मागे लटकून आलो, आत जागा होती तरी.

ऑपरेशन झालं. मुलगी. आधी रडली नाही. काचेच्या पेटीत ठेवलंय.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन रागावल्या, कळा सहाला सुरू झाल्या तर इतका वेळ कुठे होता? तोवर मच्छिंद्ररावही धावड्याहून पोचले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, रेल्वेचं फाटक बंद होतं.

भुजंग टोपी घालून जीपकडे निघून गेला. बेबीनंदाला तेवढ्यात स्ट्रेचरवरून समोरून नेत होते. तिचे डोळे उघडे होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाळ आज रडलं. मोठ्याने. आईजवळ दिलं. मी व्हरांड्यात जाऊन बराच वेळ रडलो. सर्दीही आहे.

सिराजोद्दीन गाडी ओढून आणून, इथे भेटायला आला. रुमालात काहीतरी बांधून आणलं होतं. तुटलेल्या क्रॉसचे तुकडे, आणि त्याच्या आत भरलेली तांबडी भुकटी. तीच. अंगणातली. गंजलेलं लोखंड आहे साहेब, म्हणाला, सांधा कोरडा घासला की असाच पीठ होऊन गळतो. म्हणूनच इचारत होतो, लाल भुकटी पडती का. पडायला लागली की सांधा पंधरा दिवस राहातो, लई झालं तर महिना.

म्हणजे महिनाभर रोज सकाळी गाडी मला सांगत होती आणि मी ते झाडत होतो. वर पाणी ओतत होतो. मिस्त्रीला मी म्हणालो, हं, असं असतं होय.

१० फेब्रुवारी, सोमवार

दवाखान्यातून सुट्टी. मी नवं स्वेटर घालून सकाळी आठलाच हजर. घरी बाज कसून ठेवली, शेगडी आणली, खोली सारवून घेतली. सव्वा महिना.

विहीणबाई मच्छिंद्ररावांबरोबर आलेल्या. अतिशय गोड बोलल्या. म्हणाल्या, व्याही, लेकरू नाजूक हाय, आम्ही इथूनच धावड्याला न्यावं म्हणतो. गाडीचा विषय त्यांनी काढला नाही. फाटकाचाही नाही. मी रीत सांगितली. पहिलं बाळंतपण, माहेर, लोक काय म्हणतील. त्या म्हणाल्या, पोरीलाच इचारा.

विचारलं. बेबीनंदा बाळाला दुपट्यात गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, दादा, मी तिकडंच जाते.

मी म्हणालो, फाटक खरंच बंद असतं पुष्कळदा. काय म्हणून म्हणालो माहीत नाही. तिने बाळ माझ्या हातात दिलं. मिनिटभर. मग घेतलं.

दुर्गाबाईही तिच्यासोबत गेली. भुजंगच्या जीपमधून सगळे ९.४० ला निघाले.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी १०

घरी एकटा. दुर्गाबाईने बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करून ठेवलेत, मोठा डबा भरून. जाताना सांगून गेली, तुम्हीच खा आता, गुडघ्याला चांगले असतात. सकाळपासून तीन खाल्ले. चांगले झालेत.

आता पुढे खरं वागायचं. बेबीनंदाला पत्र लिहायचं आणि त्यात सगळं स्पष्ट मांडायचं, की चूक माझी होती. फाटक उघडं होतं. आजच लिहितो.

सकाळी ११.१५

पत्र सुरू केलं होतं, तेवढ्यात शेजारच्या गोजरबाई आल्या. हाताने शिवलेलं टोपडं आणि झबलं घेऊन. म्हणाल्या, आली का माझी नात? सुट्टी कालच झालती ना?

मी म्हणालो, आज निघालेत, रस्त्यात आहेत, येतीलच एवढ्यात.

दुपारी १२.४०

गोजरबाई अजून ओट्यावर बसून आहेत.